गवताचा गुत्तेदार

— बी. ए. तृतीय वर्ष (भूगोल)

गुत्तेदार हा शब्द आपल्या मराठवाड्यात कुणी उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. इस्त्रीचे पांढरे कपडे, पंचायत समितीच्या आवारात उभी केलेली गाडी आणि काखेत बिलांची फाईल. रस्त्याचा गुत्तेदार, पाझर तलावाचा गुत्तेदार, शाळाखोल्यांचा गुत्तेदार हे सर्वांच्या परिचयाचे. पण गवताचा गुत्तेदार म्हटले की लोक हसतात. गवत ते काय आणि त्याचा गुत्ता तो काय, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. गेली चार पावसाळे मी हा धंदा करीत आहे. दोन मशिने, मी, माझा चुलतभाऊ आणि गावाकडची तीन-चार माणसे एवढा आमचा पसारा. बीड शहरातील व आसपासच्या मंगल कार्यालयांची लॉन्स, शाळांची मैदाने, कार्यालयांची आवारे आणि मोकळे प्लॉट यांवर माजलेले गवत आम्ही उक्ते ठरवून कापून देतो. वर्ग चुकवून हे काम करतो काय, असे गुरुजनांपैकी काहींनी विचारले आहे. रविवार, सणाच्या सुट्या आणि भल्या सकाळची वेळ एवढ्यात ते बसते, हे येथेच सांगून टाकतो.

या चार पावसाळ्यांत माझे एक मत पक्के झाले आहे आणि तेच आज वाचकांपुढे ठेवायचे आहे. आपण गवत कापण्यासाठी पैसे मोजतो. हिरवळ राखण्यासाठी मोजत नाही. दिसायला ही एवढीशी गोष्ट. पण या एका सवयीपायी आपण पैसा वाया घालवतो, वैरण वाया घालवतो, आणि ज्या जिल्ह्याला माणसाच्या श्रमाची किंमत सर्वांत आधी कळायला हवी त्या जिल्ह्यात ते श्रमही वाया घालवतो.

प्रथम हिरवळ या वस्तूविषयी दोन शब्द. घराभोवती कातरलेले गवत राखण्याची हौस आपण इंग्रजांकडून उचलली. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग नावाचा एक कारागीर होता. लोकरी कापडाच्या गिरणीत कापडावरची लव कातरून ते सारखे करण्याचे यंत्र त्याने पाहिले होते. जे यंत्र कापडाची लव कातरते ते जमिनीची का कातरणार नाही, असा विचार करून त्याने १८३० साली हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र तयार केले. त्यापूर्वी हे काम लांब पात्याच्या विळ्याने होत असे. पण ज्या देशात हे यंत्र जन्मले त्या देशात पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो. गवत हळूहळू वाढते, माणूस आठवड्याला ते कातरतो, आणि दोघांचे जमून जाते. आपल्या जिल्ह्याचे हवामान वेगळे. वर्षाकाठी पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यातही आष्टी, पाटोदा, शिरूरकडे कमी आणि अंबाजोगाई, परळीकडे थोडा अधिक. आठ महिने जमीन करपलेली असते, आणि जून-जुलैत दोन सरी पडल्या की हरळीच्या कांड्याकांड्यांतून फुटवे येतात. भाद्रपदातला जोराचा पाऊस झाला की पंधरा दिवसांत गवत गुडघ्याचे कमरेला येते. हिरवळ आपण साहेबाकडून घेतली खरी, पण तिच्या राखणीचे वेळापत्रक मात्र आपल्या पावसाप्रमाणे कधी बसवलेच नाही.

आता हे वेळापत्रक कसे बिघडते ते पाहा. बीडच्या चारही रस्त्यांना आज मंगल कार्यालये आहेत आणि त्यांच्या नावापुढे 'लॉन्स' हा शब्द असतोच. लग्नसराई आषाढापर्यंत चालते. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की मुहूर्त बंद. मालक कुलूप लावतात, माळ्याला गावी पाठवतात, आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. म्हणजे ज्या चार महिन्यांत पाऊस पडतो आणि गवत वाढते, नेमक्या त्याच चार महिन्यांत राखण बंद! शाळांचे आणि कार्यालयांचे तऱ्हेने वेगळे पण फळाने सारखेच. तेथे पहिली आठवण पंधरा ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात होते आणि ध्वजस्तंभाभोवती चार हात जागा साफ केली जाते. दुसरी आठवण एखादी समिती तपासणीला येणार असल्याचे पत्र आल्यावर होते. तहान लागल्यावर विहीर खोदावी तसा हा प्रकार. मग फोन येतो, 'परवापर्यंत सगळे हिरवेगार आणि साफ पाहिजे.' जमिनीवर गवत कमरेइतके, आत काय आहे ते दिसत नाही, आणि मुदत दोन दिवसांची.

कमरेइतके गवत कापणे म्हणजे काय, हे मशीन खांद्याला अडकवल्याशिवाय कळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, मशीन सुरू केले की काम झाले. वस्तुतः मशीन सुरू होण्याआधीच निम्मे काम असते. आम्ही प्रथम काठी आपटत सबंध जागा चालून पाहतो. लॉन्सच्या गवतात मंडपाच्या लोखंडी खुंट्या, तारेचे तुकडे, काचेच्या बाटल्या, फुटक्या बशा आणि विजेच्या माळांच्या वायरी निघतात. शाळेच्या मैदानात दगड आणि बाकांचे तुटके पाय. पाते दगडावर बसले तर त्याचा तुकडा उडतो. बारीक खडा गोळीसारखा सुटतो. म्हणून मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत आसपास पंधरा मीटरपर्यंत कोणी उभे राहू नये असे बजावलेले असते. आपल्याकडे मात्र मालकांची मुले मशीन बघायला अगदी शेजारी येऊन उभी राहतात. गमबूट, डोळ्यांना चष्मा आणि पोटरीला जाड कापड याशिवाय आम्ही कोणाला मशीन हातात देत नाही. गवतात घोणस असू शकते, नाग असू शकतो. म्हणून कापायला सुरुवात मधून करून कडेकडे जायचे, म्हणजे आतल्या जीवाला बाहेर पडायला वाट राहते. कडेने घेरत मध्ये आलो तर साप, सरडे, तितराची पिले सगळी शेवटच्या तुकड्यात कोंडली जातात आणि मग ते पाते कोणाचेच ऐकत नाही.

यापुढचा मुद्दा गवत किती खाली कापायचे हा आहे, आणि सर्वांत जास्त भांडणे यावरूनच होतात. दाट वाढलेल्या गवताच्या बुडाशी ऊन पोहोचलेले नसते. वरचा हात-दीड हात हिरवा आणि खाली पिवळट, पांढरट काड्या. असे गवत एका दिवसात जमिनीलगत आणले तर खाली उरतो तो फक्त पिवळा बुडखा. पाने गेली, म्हणजे त्याचे अन्न तयार करण्याचे साधनच गेले. वरून आश्विनातले कडक ऊन. अशा वेळी हरळी मरते किंवा रोगट होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तण शिरते. म्हणून जाणकार माळी सांगतो की एका वेळेस पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापावा, फार तर थोडा अधिक. माजलेली हिरवळ खाली आणायची तर पहिल्या दिवशी अर्धी, आठ-दहा दिवसांनी आणखी थोडी, त्यानंतर शेवटची, आणि शेवटीही तीन बोटे उंची ठेवायचीच. मधल्या दिवसांत पाणी द्यायचे. महिनाभराने ती जागा पुन्हा हिरवळ म्हणवून घेण्याजोगी होते. पण ज्याला परवा लग्न लावायचे आहे त्याला हा महिना कुठून परवडणार? एका लॉन्सच्या मालकांनी आधी दोन दिवसांत सगळे खाली घ्यायला लावले, आणि मग गवत पिवळे दिसते म्हणून ठरलेल्या रकमेतला चौथा हिस्सा कापून घेतला. चार महिने ते गवत कोणी पिवळे केले, हे विचारण्याची सोय गुत्तेदाराला नसते.

वाचकांनी हा हिशेब एकदा जमवून पाहावा. दहा गुंठ्यांची हिरवळ वेळच्या वेळी, पंधरा-पंधरा दिवसांनी कापायची तर एका माणसाला एका मशीनवर अर्धा दिवस पुरतो. आषाढी ते कार्तिकी आठ कापण्या झाल्या, म्हणजे सगळे मिळून चार रोज. तीच दहा गुंठे चार महिने मोकाट सोडून कार्तिकात हाती दिली तर दोन मशिने, चार माणसे आणि तीन दिवस लागतात, म्हणजे बारा रोज. शिवाय पेट्रोल दुप्पट-तिप्पट, मोडलेली पाती वेगळी आणि गवत उचलून नेण्याच्या ट्रॅक्टरचे भाडे वेगळे. हे आकडे माझ्या वहीतले आहेत. जमीन आणि पाऊस यांप्रमाणे ते थोडे खालीवर होतील, पण त्यांतले प्रमाण फारसे बदलणार नाही. बारा रोज खर्चून मिळतो पिवळा बुडखा, आणि चार रोज खर्चून मिळते हिरवळ. हात फिरे तेथे लक्ष्मी वसे असे आपल्या आयाबाया म्हणतात. हात वरचेवर फिरला पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. वर्षातून एकदा जोराने फिरवून भागत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की ही तर धंद्यातली गाऱ्हाणी झाली, यात समाजाचा प्रश्न कोठे आला? तो आता येतो. हे बारा रोज भरणारी माणसे कोण आहेत? आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. दसरा झाला की तांड्यांत, वस्त्यांवर हालचाल सुरू होते आणि दिवाळीच्या मागेपुढे ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजणीसुद्धा हत्याराच्या नावाने होते. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे कापण्याच्या कामात ज्यांचा हात राज्यात पहिला धरावा अशी माणसे आपल्या गावांत असतात ती पावसाळ्यातच. आणि लॉन्सवाल्यांना व साहेबांना जाग येते ती हे हात गावाबाहेर पडल्यावर! कार्तिकात मला दुप्पट मजुरी देऊनही माणूस मिळत नाही. श्रावणात मात्र चांगला तोडणारा गडी काम नाही म्हणून पारावर बसलेला असतो.

तो नुसता बसलेलाही नसतो. याच महिन्यांत मुकादमाकडून उचल घेतली जाते. पेरणी मोडली, बी पुन्हा घ्यायचे आहे, मुलीचे लग्न झाले त्याचे देणे आहे, म्हातारीचे दुखणे निघाले आहे. पावसाळ्यात हातात पैसा येण्याची दुसरी वाट नसते. आज घेतलेल्या उचलीसाठी पुढचे पाच-सहा महिने बांधले जातात. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर पुढचे वर्षही बांधले जाते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका जोडप्याने गेल्या पावसाळ्यात सतरा दिवस गवताचे काम केले. सतरा दिवसांच्या मजुरीने त्यांचे जगणे पालटले असे मी म्हणणार नाही. पण मुलाच्या वह्यापुस्तकांसाठी आणि किराण्यासाठी जी रक्कम ते मुकादमाकडून आणणार होते ती त्यांनी आणली नाही. उचलीतून तेवढी रक्कम कमी झाली, म्हणजे तेवढे दिवस ती माणसे स्वतःची राहिली. गवताच्या गुत्त्याने ऊसतोड थांबेल असा भाबडा दावा मी करीत नाही. ऊसतोडीचा प्रश्न पाण्याचा, जमिनीचा आणि कारखान्यांचा आहे. पण कार्तिकात घाईने उधळायचे बारा रोज जर आषाढापासून आश्विनापर्यंत वाटून दिले, तर त्यांतले निम्मे तरी या हातांना नेमक्या उचलीच्या महिन्यांत मिळतील, आणि मालकाचा खर्च वाढणार नाही, उलट कमी होईल. यात नुकसान कोणाचे?

या माणसांच्या कसबाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊस कापताना तो जमिनीशी कापायचा असतो. साखर बुडख्यात अधिक असते. वर बुडखा राहिला तर शेतकरी ओरडतो, आणि खोडवाही खालून कापलेल्या बुंध्याचाच चांगला फुटतो. पंधरा-वीस वर्षे ज्या हाताने जमिनीशी कोयता चालवला त्या हाताला हिरवळीवर तीन बोटे वर थांब म्हणणे सोपे नाही. पहिल्या दिवशी मशीन खाली जातेच. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच हात असा बसतो की सबंध मैदानात उंचसखल दिसत नाही. मजुरीच्या पावतीवर आपण याला 'अकुशल काम' म्हणतो. ज्यांनी हा शब्द काढला त्यांनी एकदा सात-आठ किलोचे मशीन चार तास खांद्यावर वागवून सरळ पट्टा कापून दाखवावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

आता वैरणीकडे वळू. कापलेले गवत जाते कोठे? बहुतेक ठिकाणी आवाराच्या मागे ढीग लावला जातो, आणि वाळला की काडी लावली जाते. हे जळणारे गवत कोणते असते हे कोणी पाहत नाही. आपल्या काळ्या जमिनीच्या आवारांत हरळी, मारवेल, कुंदा अशी जनावरे आवडीने खातात ती गवते असतात. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर कुसळी वाढते. कुसळे धरण्यापूर्वी कापली तर तीही वैरणच, आणि कुसळे धरली की तीच जनावराच्या तोंडाला टोचते. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या गवतात कस असतो; बी गळून काडी झालेल्या गवतात तो राहत नाही. म्हणजे श्रावणात कापले तर वैरण, आणि कार्तिकात कापले तर सरपण! पूर्वी गावोगाव कुरणे राखली जात, त्यांचे लिलाव होत, आणि कोणत्या नक्षत्रात कोणते गवत कापायचे हे निरक्षर माणसालाही ठाऊक असे. आपण भूगोलाच्या पेपरात गवताळ प्रदेशांवर दहा गुणांचे उत्तर लिहितो आणि आपल्याच वर्गाच्या खिडकीखाली कोणते गवत उगवले आहे ते सांगू शकत नाही.

ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१२-१३ मध्ये छावण्या पाहिल्या, २०१८-१९ मध्ये शेकड्यांनी चारा छावण्या उघडलेल्या पाहिल्या, त्या जिल्ह्यात गवताला काडी लावताना हात थरथरला पाहिजे. छावणीत दावणीला बांधलेल्या लालकंधारी गाईपुढे बाहेरून आणलेल्या उसाची वाढे टाकली जात होती, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिले आहे. शहरातल्या आवारांचे गवत जमवून दुष्काळ हटणार नाही हे मलाही कळते. पण आमच्या कामांतून निघालेले हिरवे गवत गेली दोन वर्षे शहराच्या कडेला राहणारे चार-पाच दूधवाले स्वतः येऊन उचलून नेतात. त्यांची वैरण होते, आणि मालकाचे ट्रॅक्टरचे भाडे वाचते. त्यांना एकच पथ्य आम्ही सांगतो: जेथे तणनाशक मारले आहे किंवा गवतात प्लॅस्टिक आणि तारा आहेत तेथले गवत जनावरापुढे टाकायचे नाही. पावसाच्या उघडिपीत चार दिवस ऊन मिळाले तर वाळवून पेंढ्या बांधता येतात. न मिळाले तर मुरघास करण्याची रीत आता खेड्यांतही पोहोचली आहे. जनावराच्या उपयोगाचे नाही ते कुजवून खत करावे. काडी लावण्याची गरज कोठेच पडत नाही.

मात्र सगळेच हिरवे ते गवत असे समजणे घातक आहे. आपल्या आवारांचा खरा शत्रू गाजर गवत. त्याची पाने गाजरासारखी म्हणून हे नाव, आणि पांढऱ्या बारीक फुलांमुळे चटकचांदणी हे दुसरे. काँग्रेस गवत या नावाने तर ते सर्वांना ठाऊक आहे. वास्तविक ते गवत नव्हेच. सूर्यफुलाच्या कुळातले ते झुडूप आहे आणि मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची नोंद पुण्यात १९५६ साली झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरले अशी समजूत प्रसिद्ध आहे. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलावर येते. त्याच्या परागांनी दमा, शिंका आणि अंगावर खाज सुरू होते. जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि चुकून खाल्ले तर दूध कडवट लागते. त्याचा नाश करण्यासाठी मेक्सिकोतील एक भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला. तो आता आपल्याकडेही पावसाळ्यात त्याची पाने चाळण करताना दिसतो, पण एकट्या भुंग्याला हे आवरणारे नाही.

हे गाजर गवत मशीनने कापणे हा शुद्ध वेडेपणा आहे. वरून कापले की बुडातून चार फांद्या फुटतात आणि वीतभर उंचीवरच फुले येतात. फुलावर आलेले कापले तर बिया मशीनच सबंध मैदानभर पेरून ठेवते. ते फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे लागते. म्हणजे येथेही प्रश्न वेळेचाच. जुलैत जे काम वीस विद्यार्थ्यांचे दोन तासांचे असते तेच ऑक्टोबरात कोणाच्याच आवाक्यात राहत नाही. आपल्याकडे तर तऱ्हाच उलटी. उपयोगाची हरळी आपण बुडापासून भादरतो, ऊन खात पडलेल्या त्या मोकळ्या जमिनीत गाजर गवत उगवते, आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी पुन्हा गुत्ता देतो. दाट राखलेली हिरवळ त्याला शिरू देत नाही; तरोट्यासारखी देशी झाडेसुद्धा त्याला दाबून टाकतात.

या सर्वांवर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप पैशाचा. संस्थांना अशा किरकोळ कामासाठी वर्षभराची तरतूद नसते, असे सांगतात. पण वर वहीतला हिशेब दिला आहे. एकदम मोजलेली मोठी रक्कम सापडते आणि तिच्याहून लहान रक्कम चार हप्त्यांनी सापडत नाही, हे कोडे पैशाचे आहे की सवयीचे? दुसरा आक्षेप असा की हे काम विद्यार्थ्यांनीच श्रमदानाने का करू नये? जरूर करावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली ती अशाच कामांसाठी, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर 'कमवा व शिका' हा मंत्र देऊन विद्यार्थ्यांच्या हातात खोरे-टिकाव दिला. परंतु श्रमदानाचा दिवस वर्षातून एकदा येतो, गवत मात्र रोज वाढते. नवे विळे, नव्या टोप्या, अर्ध्या तासात छायाचित्र, आणि मग चहा. उरलेले गवत दुसऱ्या दिवशी गुत्तेदाराच्या नावावर. उत्साहाला मी नावे ठेवीत नाही. त्याला वेळापत्रकाची जोड हवी एवढेच माझे म्हणणे.

तिसरा आक्षेप मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. आमचे एक प्राध्यापक म्हणाले, 'अरे, गवत कापायचेच कशाला? वाढू द्या की! मातीही धरून ठेवते, पाखरेही येतात.' हे म्हणणे खोटे नाही. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात जाऊन आलेल्या कोणालाही गवताचे मोल सांगावे लागत नाही. माझे उत्तर असे, की वाढू देणे हासुद्धा एक निर्णय असावा, दुर्लक्षाला दिलेले गोंडस नाव नसावे. आवाराचा एक कोपरा ठरवून सोडा. तेथे मारवेल बी धरू दे, गळू दे. त्यातले गाजर गवत तेवढे उपटत राहा. कुरण राखणारे आपले पूर्वज हेच करीत होते. पण जेथे मुले खेळणार, जेथे मुलींना वाट तुडवत वसतिगृहाकडे जायचे, तेथे कमरेइतके गवत म्हणजे सापाला आमंत्रण.

चौथा आक्षेप माझ्यावरच आहे. माजलेल्या गवतात गुत्तेदाराला जास्त पैसे मिळतात, मग तू हे का लिहितोस? उक्त्या कामात पैसे जास्त दिसतात हे खरे, पण त्यांतले मोडलेल्या पात्यांत, पेट्रोलात आणि कापून घेतलेल्या रकमेत किती जातात ते आम्हालाच ठाऊक. शिवाय दोन महिन्यांत घाईने धावण्यापेक्षा पाच महिने शांतपणे चालणारे काम माणसाला अधिक मानवते. ज्या कामात मला आणि माझ्या माणसांना एका जागी परत परत जावे लागते, त्या जागेबद्दल ममत्व निर्माण होते. दगड कोठे आहे, पाणी कोठे साचते, घोणस कोठे दिसली होती, हे माहीत होते. वर्षातून एकदा येणाऱ्याला जागा अनोळखीच राहते.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे मी एक साधी योजना ठेवतो. मैदान, बाग आणि मागचे पडीक यांचे तीन भाग करावेत. मैदान व बाग यांची कापणी आषाढापासून कार्तिकापर्यंत दर पंधरवड्याला व्हावी आणि तो गुत्ता हंगामाच्या सुरुवातीलाच, सबंध हंगामासाठी द्यावा. तो मलाच द्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. घेणाऱ्याने गावात असलेल्या तोडकरी माणसांना काम द्यावे आणि त्यांची मजुरी आठवड्याला चुकती करावी, एवढी अट मात्र घालावी. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात राष्ट्रीय सेवा योजनेने दोन सकाळी गाजर गवत उपटावे. हातमोजे महाविद्यालयाने पुरवावेत, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना या कामाला लावू नये. पडीक जागेतील गवत फुलोऱ्यावर येताच शेजारच्या जनावरे पाळणाऱ्यांना मोफत कापून नेऊ द्यावे. आणि भूगोल विभागाने दरवर्षी आवारातील गवतांची एक यादी करावी, नावासह. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते ते आपण सहसा जाळीत नाही.

हे सारे एका आवाराचे झाले. पण आपण शिकून उद्या शिक्षक होऊ, ग्रामसेवक होऊ, कोणी तहसील कचेरीत बसेल, कोणी गावचा सरपंच होईल. आपल्यापुढे गवताची नव्हे तर रस्त्यांची, बंधाऱ्यांची आणि शाळाखोल्यांची फाईल येईल. रस्ता उखडून जाईपर्यंत थांबायचे आणि मग नवा गुत्ता काढायचा, बंधाऱ्यातला गाळ भिंतीच्या उंचीला येईपर्यंत थांबायचे आणि मग मोठ्या मशिनी लावायच्या, ही आपल्याकडची चालत आलेली रीत आहे. साफसफाईला उद्घाटन असते, नारळ असतो, छायाचित्र असते. राखणीला यांतले काहीच नसते; दर पंधरा दिवसांनी कोणीतरी मुकाट्याने येऊन आपले काम करून जातो, आणि काही घडले नाही हेच त्याच्या कामाचे फळ असते. असल्या कामाला पैसा मंजूर करण्याची सवय ज्याला महाविद्यालयातच लागेल तो पुढे खुर्चीवर बसल्यावर कदाचित थोडा वेगळा वागेल, अशी मला आशा वाटते.

येता पावसाळा ज्येष्ठाच्या अखेरीस सुरू होईल. कापणीचा कागद वैशाखात निघाला पाहिजे.